एका कानाची किंमत

आमच्या कारखान्यात पॅकिंगमधल्या बायका लॅबमध्ये सहसा येत नाहीत. डब्यावरच्या लेबलात चूक निघाली तरच एखादी येते, तीसुद्धा सुपरवायझरच्या मागून. त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत ती एकटीच दाराशी येऊन उभी राहिली तेव्हा मला वाटलं, काहीतरी सांडलं असणार. तिच्या हातात चार घड्या घातलेला कागद होता.

"मॅडम, हे इंग्रजीत आहे," ती म्हणाली. "वाचून सांगता का?"

अंबरनाथच्या त्या कारखान्यात मी सत्तावीस वर्षं कापडाचे रंग तपासते आहे. घर बदलापूरला. ती चारेक वर्षांपासून पॅकिंगला, कंत्राटावर. राहायला जवळच्याच बुवापाड्याच्या वस्तीत, माहेर-सासर दोन्ही परभणीकडचं, नवरा उल्हासनगरला पॅन्ट शिवायच्या कारखान्यात. त्याला नगावर पैसे मिळायचे. येता-जाता हसण्यापलीकडे आमची ओळख नव्हती.

कागद सरकारी दवाखान्यातला होता. अडीच वर्षांच्या मुलीच्या कानांची तपासणी. वर आलेख, खाली तीन ओळी. दोन्ही कानांत अतितीव्र दोष, जन्मापासून. मी वाचलं आणि मग पुन्हा पहिल्यापासून वाचायचं नाटक केलं, कारण हे मराठीत कसं सांगायचं ते मला सुचेना. तिने माझ्याकडे बघून ओळखलं.

"तिला ऐकू येत नाही ते मला ठाऊक आहे मॅडम. मागं ताट पडलं तरी लेकरू वळत नाही. पुढं काय करा म्हणून लिहिलंय, तेवढं सांगा."

पुढे लिहिलं होतं की आधी श्रवणयंत्र लावून बघावं आणि उपयोग झाला नाही तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. मी सांगितलं. तिने कागद परत चार घड्या घालून ब्लाउजमध्ये ठेवला आणि पॅकिंगला गेली.

हे सुरू कसं झालं ते तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. पोरगी बोलत नव्हती, पण घरातले म्हणायचे की उशिरा बोलेल, तिचा बापही उशिराच बोलला होता. अंगणवाडीतल्या सेविकेला मात्र ते पटत नव्हतं. ती एक दिवस मुलीच्या मागे जाऊन बसली आणि खिचडीच्या पातेल्यावर डाव आपटला. बाकीची सगळी पोरं दचकली. ही समोरच्या भिंतीवरचा हत्ती बघत राहिली. सेविकेने रजिस्टरमध्ये नाव लिहिलं. पुढे मुलांना तपासणाऱ्या सरकारी डॉक्टरांची गाडी आली, त्यांनी चिठ्ठी दिली आणि चिठ्ठीवरून ही तपासणी झाली. झोपेचं औषध देऊन, डोक्याला तारा लावून केलेली. या सगळ्याला पैसे किती लागले, मी विचारलं. ती म्हणाली, रिक्षाचे.

मला त्या वेळी काय वाटलं ते खरं सांगायला हवं. मला किंचित राग आला. फेब्रुवारीचे दिवस होते. आमच्याकडे फेब्रुवारीत पगारातून टॅक्स इतका कापला जातो की महिनाभर मी सगळ्यांवर चिडलेली असते. स्टेशनजवळचा रस्ता, आमच्या सोसायटीचं पाणी, पुलाखालचा कचरा, सगळ्याकडे बोट दाखवून मी डब्याच्या टेबलावर बोलायचे: आपण भरतो आणि मिळतं काय? एवढं बोलून त्याच दिवशी दुपारी ही बाई मला सांगते, रिक्षाचे.

पण तो कागद माझ्या डोक्यातून जाईना. पुढच्या खेपेला तिला उल्हासनगरच्या दवाखान्यात जायचं होतं आणि तिथे फॉर्म इंग्रजीत भरायचा होता. मी अर्धी रजा टाकली आणि तिच्यासोबत गेले.

मुलगी तेव्हा पहिल्यांदा बघितली. काळीसावळी, टपोऱ्या डोळ्यांची, आणि बघणं असं की माणूस अवघडून जावा. ऐकू येत नसल्यामुळे ती सगळं डोळ्यांनीच गोळा करायची. मी बोलायला लागले की माझे ओठ बघायची, मग आईचे, मग परत माझे. रांगेत दीड तास गेला. मग एका तरुण बाईने तिच्या कानांत साच्याचा लगदा भरून माप घेतलं आणि काही दिवसांनी तिला यंत्रं मिळाली, दोन, फुकट. तीन महिने लावून बघा, म्हणाले.

तीन महिन्यांत काही झालं नाही. ताट पडलं तरी ती वळली नाही.

मग खरी धावपळ सुरू झाली. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, जन्मदाखला, नवऱ्याच्या आधारकार्डावर गावचा पत्ता होता तो बदलणं. आठवड्यामागून आठवडे गेले. मी तोवर या कामात कशी ओढली गेले ते मला कळलंच नाही. सेतू केंद्राच्या बाकावर बसून मी डबा खाल्ला आहे. एकदा शिक्का पुसट उमटला म्हणून दाखला परत केला, तेव्हा मी खिडकीवरच्या माणसाशी भांडलेही आहे. शेवटी मुंबईच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात तिला तपासायला बोलावलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी आम्हाला समोर बसवून एक प्लास्टिकचा कान दाखवला, उघडता येणारा.

आत गोगलगायीच्या शंखासारखा एक भाग होता, वाटाण्याएवढा. डॉक्टरबाई म्हणाल्या, ऐकणं खरं इथे घडतं. हिच्या शंखात आवाज मेंदूपर्यंत नेणाऱ्या पेशीच नाहीत. आपण त्या शंखात केसासारखी बारीक तार सरकवायची. बाहेर कानामागे एक यंत्र राहील, ते आवाज ऐकून विजेच्या भाषेत आत पाठवेल. नस ती भाषा शिकेल. मुलगी लहान आहे तोवरच शिकेल, नंतर शिकणार नाही, म्हणून घाई.

"आणि खर्च?" मी विचारलं.

त्यांनी आकडा सांगितला. मुलीच्या आईने माझ्याकडे बघितलं. डॉक्टरबाई लगेच म्हणाल्या की यांना काही भरायचं नाही, सरकारी योजनेतून होईल, योजनेत एकाच कानाचं करतात. पण तो आकडा मी ऐकला होता.

घरी येऊन मी कपाटातून दरवर्षीचे टॅक्सचे कागद काढले. आयुष्यात पहिल्यांदाच मी ते कुरकुर न करता वाचत होते. एक वर्ष, दुसरं, तिसरं, बेरीज करत गेले. साधारण सहा वर्षं. सहा वर्षं माझ्या पगारातून जे कापलं गेलं, ज्याच्या नावाने मी फेब्रुवारी-फेब्रुवारी घरच्यांना खायला उठले, ते सगळं एकत्र केलं तर एका मुलीचा एक कान होत होता.

टॅक्स ही गोष्ट माझ्या डोक्यात नेहमी एक भोक होती. पैसे त्यात जातात आणि दिसेनासे होतात. त्या भोकातून पलीकडे एक केसाएवढी तार बाहेर येते आणि वाटाण्याएवढ्या शंखात शिरते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि माझे सहा वर्षांचे पैसे कानालाच संपत होते. पातेल्यावर डाव आपटणाऱ्या सेविकेचं मानधन, गाडीतले डॉक्टर, साचा घेणारी तरुण बाई, त्या डॉक्टरबाईंचं सगळं शिक्षण, हे कोणाच्या पैशातून? मग आठवलं की मी स्वतः बी.एस्सी. केलं त्या अनुदानित कॉलेजात माझी वर्षाची फी बाबांच्या एका महिन्याच्या पगाराएवढीसुद्धा नव्हती. माझ्यासाठीही कुणीतरी भरलं होतं. कोण ते मी कधी विचारलं नव्हतं.

माझा मोठा भाऊ वांगणीला राहतो. तो कोषागारात होता, म्हणजे सरकारच्या तिजोरीच्या कचेरीत, आणि निवृत्त झाल्यावर त्याने वांगणीला छोटं घर घेऊन मागे वालपापडीचा मांडव घातला आहे. पुढच्या रविवारी मी त्याच्याकडे गेले. तो मांडवाखाली शेंगा तोडत होता. मी त्याला सगळं सांगितलं, बेरजेसकट. मला वाटलं होतं तो खूश होईल. त्याने शेंगांची टोपली खाली ठेवली आणि म्हणाला की बेरीज चुकली आहे.

"कशी चुकली?"

"तुझ्या टॅक्सवर सरकार चालतं असं तू धरलंस. तेवढ्यावर चालत नाही. जमा होतं त्याहून खर्च जास्त असतो. वरचे पैसे सरकार कर्ज काढून आणतं. त्या पोरीच्या तारेतला काही भाग उसना आहे."

कोणाकडून उसना, मी विचारलं. माझ्या डोळ्यांपुढे परदेशी बँका आल्या. दादा हसला. म्हणाला, बराचसा तुझ्याचकडून. तुझा पीएफ कुठे जातो? विम्याचे हप्ते? बँकेत ठेव ठेवतेस, ती बँक ते पैसे कुठे ठेवते? फिरून-फिरून सगळं सरकारी रोख्यांत. टॅक्स म्हणून एकदा देतेस आणि बचत म्हणून दुसऱ्यांदा उसने देतेस, आणि त्याच्यावर व्याजही घेतेस.

मला हे नवं होतं. पन्नाशी उलटलेली शिकलेली बाई मी, आणि सरकारला मीच कर्ज देते हे मला माहीत नव्हतं.

"मग फेडणार कोण?"

"तूच. तू रिटायर झालीस की तेव्हा जे कमावत असतील ते. पंचवीस-तीस वर्षांच्या मुदतीचे रोखे असतात अगं. तेव्हा तुझी ती पोर कामाला लागलेली असेल."

म्हणजे तिच्याच नावावर काढलेलं कर्ज, मी म्हणाले. तिला विचारलंसुद्धा नाही.

"नाही विचारलं," दादा म्हणाला. "म्हणून तर जपून काढायचं असतं. मी तिजोरीतून पैसे जाताना बघितलेत. पगार, पेन्शन आणि व्याज, हे तिघं पंगतीला आधी बसतात. त्यातलं पेन्शन माझंच. उरेल त्यात दवाखाना, शाळा, रस्ता. व्याज फुगलं की पंगतीतलं शेवटचं माणूस उपाशी उठतं, आणि शेवटचं माणूस नेहमी ठरलेलं असतं. कर्ज काढून चौकात नुसती कमान उभी केली तर ती कमान काही कमावत नाही. व्याज मात्र या पोरीला भरावं लागेल. पण कर्ज काढून तिला कान दिला तर? ती ऐकेल, शिकेल, कमावेल, स्वतःचं फेडून वर चार जणांचं फेडेल. कदाचित."

"कदाचित?"

"कदाचितच. ते वहीत लिहिता येत नाही."

मग मी म्हणाले की एक मात्र आहे, आपण भरणारे आणि ती बिचारी न भरणारी, तरी तिला मिळतंय हे चांगलंच. लहानपणी मी पाढा चुकले की दादा बघायचा, तसं त्याने माझ्याकडे बघितलं. ती न भरणारी कशी, त्याने विचारलं. अंगाचा साबण, बिस्किटं, चपला, मोबाइलचं रिचार्ज, तिच्या नवऱ्याने फटफटीत टाकलेलं पेट्रोल. तिच्या पगाराच्या मानाने बघितलं तर तुझ्याहून कमी भरत नसेल. फक्त तिला फेब्रुवारीत कागद मिळत नाही.

परत येताना त्याने मला पिशवीभर शेंगा दिल्या. त्या मी सोमवारी तिला दिल्या आणि इतकंच म्हणाले की भावाकडच्या आहेत.

शस्त्रक्रिया पावसाळ्यानंतर झाली. त्याआधी लसी, रक्ताच्या तपासण्या, एकदा सर्दीमुळे पुढे गेलेली तारीख. त्या दिवशी मी आणि ती बाहेर बाकावर बसलो होतो, नवरा उभा होता. काही तास गेले. डॉक्टरबाई बाहेर आल्या, म्हणाल्या, तार नीट बसली, आतल्या नसेने उत्तर दिलं. उत्तर दिलं, हे त्यांचे शब्द. मुलगी बेशुद्ध, तिला काही माहीत नाही, आणि तिच्या नसेने उत्तर दिलं. मुलीचा बाप भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

तीन आठवड्यांनी बाहेरचं यंत्र चालू करायचं होतं. मोबाइलवर लोक बघतात तसं मीही बघितलं होतं, की यंत्र चालू होतं आणि मूल हसतं, आई रडते. इथे उलट झालं. यंत्र चालू केलं आणि समोरच्या बाईने हलकेच टेबलावर टकटक केलं. मुलीचा चेहरा पांढरा पडला. तिने आईच्या पदरात तोंड खुपसलं आणि ओरडून रडायला लागली. आपल्याच रडण्याचा आवाज तिला ऐकू येत होता आणि त्याला घाबरून ती अजून मोठ्याने रडत होती. आई मात्र कोरड्या डोळ्यांनी तिच्या पाठीवर हात फिरवत होती. मला म्हणाली, "भ्याली म्हणजे ऐकलं की हो मॅडम."

बाहेर पडताना त्या बाईने नीट समजावलं. आज हिच्या कानाचा पहिला दिवस. हिला आवाज येतो, अर्थ येत नाही. तुमचं बाळ तीन वर्षांचं आहे, पण कान आजच जन्मला. आता दोन वर्षं शिकवायचं. आठवड्यातून दोनदा थेरपी, उल्हासनगरला, आणि घरी रोज.

खरी कठीण गोष्ट तिथून पुढे होती, आणि तिचा हिशेब मी कुठेच धरला नव्हता. आठवड्यातून दोन दिवस म्हणजे तिचे दोन दिवसांचे पैसे गेले. पहिल्या दोन महिन्यांनी कंत्राटदाराने कुरकुर केली, तिसऱ्या महिन्यात दुसरी बाई आणायची भाषा सुरू केली. मुलगी यंत्र काढून फेकायची. ते अडकवायला उल्हासनगरच्या बाजारातून इलॅस्टिक आणून आईने पट्टा शिवला, तर ती पट्टाच ओढायची. मग बाहेरच्या यंत्राची तार तुटली. नवी यायला पंधरा दिवस लागले आणि त्या पंधरा दिवसांत मुलगी पुन्हा तिच्या जुन्या शांततेत गेली आणि तिथे ती सुखी दिसत होती. एक दिवस माझ्या लक्षात आलं की थेरपीचा मंगळवार असूनही ती पॅकिंगमध्येच आहे. विचारलं तर म्हणाली, नको आता मॅडम, जेवढं झालं तेवढं पुरे.

मी तिच्यावर चिडले. सगळ्यांसमोर चिडले. म्हणाले की सरकारचे एवढे लाख गेले, लोकांच्या घामाचे पैसे आहेत, असे वाया घालवायचे का?

तिने हातातला डबा बंद केला, त्यावर लेबल चिकटवलं, सरळ केलं. मग म्हणाली, "पैसे सरकारचे असतील मॅडम. दिवस माझे आहेत."

मी लॅबमध्ये परत आले. सहा वर्षांची बेरीज मी केली होती. पण गेल्या वर्षभरात तिने किती दिवस दिले, रांगांत, खिडक्यांवर, बाकांवर, याची बेरीज कुठल्या कागदावर नव्हती. मी अर्धी रजा टाकून गेले तरी माझा पगार चालू असायचा. माझ्या मदतीची मला जी फुशारकी होती ती त्या दुपारी उतरली.

त्या आठवड्यात दादाचा फोन आला, शेंगा न्यायला ये म्हणून. मी त्याला जे झालं ते सांगितलं, माझं चिडणंही सांगितलं. तो म्हणाला, मंगळवार आणि शुक्रवार ना? मी नेईन तिला.

मला वाटलं, चेष्टा करतोय. सत्तरीला आलेला माणूस, वांगणीहून अंबरनाथ, तिथून पोरीला घेऊन उल्हासनगर, परत बुवापाडा, परत वांगणी.

"माझे दिवस तसेही सरकारच्याच पैशावर चाललेत," दादा म्हणाला. "जाऊ देत थोडे सरकारी कामाला."

मुलीच्या आईने आधी नाही म्हटलं. अनोळखी माणसावर पोर कशी सोडायची, तिचं बरोबर होतं. मग ती दोनदा त्याच्यासोबत स्वतः गेली, दादाला त्या लहान खुर्चीत मुडपून बसलेलं तिने बघितलं, आणि तिसऱ्या वेळी तिने मुलीचा डबा त्याच्या हातात दिला. "काका, ती भेंडी खात नाही," एवढंच म्हणाली.

जवळजवळ दीड वर्ष दादा जात होता. थेरपी देणारी मुलगी पंचविशीची होती. ती तोंडापुढे कागद धरून आवाज काढायची, म्हणजे ओठ दिसू नयेत, आणि आमच्या पोरीने आवाज ऐकला की डबीत एक मणी टाकायचा. दादाही शेजारी बसून मणी टाकायचा. त्याने घरी त्याची वही केली. 'आ' ऐकला. 'ऊ' ऐकला नाही. 'स' नाही. 'श' नाही. 'स' आज एकदा. कोषागारातल्या अक्षरात, समास सोडून. मला तो आठवड्याला फोन करून सांगायचा आणि त्याच्या आवाजात असं काहीतरी असायचं जे मी त्याच्या प्रमोशनच्या वेळीसुद्धा ऐकलं नव्हतं.

एका शुक्रवारी त्यांना आणायला मी उल्हासनगरला गेले होते. दार अर्धं उघडं होतं. मुलगी पाठमोरी बसली होती, दादा तिच्या मागे सात-आठ फुटांवर. थेरपीवाल्या मुलीने खूण केली आणि दादाने अगदी हळू, नेहमीच्या बोलण्याहून हळू, मुलीचं नाव घेतलं. ती वळली. गर्रकन नाही. घरात कुणी हाक मारल्यावर आपण वळतो तशी, हातातला मणी तसाच ठेवून. दादाला काहीतरी पुढे बोलायचं ठरलं होतं, ते तो विसरला.

बाहेर आल्यावर तो पायरीवर बसला. मुलगी त्याच्या पिशवीत हात घालून बिस्किटं शोधत होती.

"छत्तीस वर्षं मी बिलं पास केली," तो म्हणाला. "औषधांची, यंत्रांची, पगाराची. रोज ढीग. आकडा बघायचा, सही बघायची, मंजूर. त्यातल्या एकाही बिलाचं पुढे काय झालं ते मी बघितलेलं नाही. हे पहिलं."

त्याच्याइतकंच मलाही भरून आलं होतं, आणि थोडी भीतीही वाटत होती. एवढी लांब साखळी, खिचडीच्या पातेल्यापासून या पायरीपर्यंत, कुठल्याही कडीला तुटू शकली असती. पुसट शिक्क्याला, तुटलेल्या तारेला, मंगळवारच्या हजेरीला. किती पोरांची तुटत असेल, आणि त्यांच्याही नावाचं कर्ज चालूच असेल.

मुलगी आता सहाची आहे. नगरपालिकेच्या शाळेत पहिलीत आहे, पहिल्या बाकावर. बोलते, थोडं चपटं, 'स' अजून निसटतो, हिंदी-मराठी एकत्र करते, पण बुवापाड्यातली सगळीच पोरं करतात. बाहेरचं यंत्र आणखी काही वर्षांनी बदलावं लागेल. त्याचं कसं करायचं हा विषय अजून समोर उभा आहे. तिची आई पॅकिंगमध्ये टिकली, आता ती कायम आहे.

मध्यंतरी तिची आई मला म्हणाली की मॅडम, एकदा सकाळी सहाच्या आत आमच्याकडे या. का ते सांगेना. एक दिवस रजा टाकून मी गेले. त्यांच्या गल्लीत पाणी सकाळी येतं, पण नेमकं कधी ते ठरलेलं नसतं. पावणेसहाला येईल नाहीतर सव्वासहाला. अर्धा तासच असतं, म्हणून बायका आधीपासून हंडे, ड्रम, पाइप घेऊन ताटकळतात. मी पोचले तेव्हा गल्लीत हंड्यांची रांग होती, पण बायका आपापल्या दारांत होत्या, कुणी चहा घेत, कुणी केस विंचरत. नळापाशी फक्त ही मुलगी बसली होती, गणवेश घालून, यंत्र लावलेला उजवा कान नळाच्या लोखंडी नळीला लावून.

आईने मला दारातच थांबवलं. पाणी यायच्या आधी नळीतून हवा येते, ती म्हणाली, तिचा बारीक आवाज असतो. इथल्या बायकांच्या तो कधी लक्षातच आला नव्हता. या पोरीने आपल्याआपणच शोधून काढला. आता सगळी गल्ली तिच्यावर विसंबून असते.

आम्ही वाट बघत राहिलो. मी कान टवकारून ऐकत होते. मला एका घरातला कुकर ऐकू येत होता, कुठेतरी रिक्षा सुरू होत होती. नळाचं काहीच ऐकू येत नव्हतं. मुलीचे डोळे मिटलेले होते. जी पोर जगातलं सगळं डोळ्यांनी गोळा करायची, ती डोळे मिटून बसली होती.

मग तिने डोळे उघडले आणि गल्लीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, "आलं!"

बायका दारांतून निघाल्या. मला अजूनही काही ऐकू आलेलं नव्हतं. मी मनात मोजलं. बारापर्यंत आले असेन. मग तोटी खोकली, थरथरली, आणि पाण्याची जाड धार पहिल्या हंड्यात पडली. तिच्या आईने मला एक कळशी दिली आणि मी रांगेत तिच्या मागे उभी राहिले.